पस्तीस टक्क्यांची वही

आमच्या शाळेत सही करणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं होती. सूचना वही निघाली की शिपाईमामा ती काखेत धरून वर्गावर्गांत फिरायचे. मी फळ्यावर आकृती काढत असले की ते दारातून आत येऊन वही पुढे करायचे. उजव्या हातातला खडू डाव्या हातात घ्यायचा, मामांच्याच पेनाने सही ठोकायची आणि पुन्हा आकृतीकडे वळायचं. सूचनेत काय होतं ते मधल्या सुट्टीत कळायचंच, कुणाला तरी ठाऊक असायचं. त्या शाळेत मी अकरा वर्षं काढली. एवढ्या काळात किती सूचनांवर सही केली ते सांगता येणार नाही. वाचलेल्या मात्र बोटांवर मोजून दाखवीन.

याला अपवाद एकच, आमचे गणिताचे ज्येष्ठ सर. शाळा शिरूरहून कवठे येमाईकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत, एका बाजाराच्या गावात होती आणि सर त्याच गावचे. चार पिढ्या तिथे राहिलेलं मुसलमान घर. वडील शिवणकाम करायचे, धाकटा भाऊ अजून करत होता, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. सरांच्या हातात सूचना वही आली की ते खडू खाली ठेवायचे, खिशातून चष्मा काढायचे आणि तारखेपासून मुख्याध्यापकांच्या सहीपर्यंत सगळं वाचायचे. मग सही करून तिच्याखाली बारीक अक्षरात लिहायचे, 'वाचले'. मामा तेवढा वेळ उभे. पोरं तेवढ्यात गप्पा मारून घ्यायची.

एकदा मी त्यांना चिडवलं, "सर, उद्या सुट्टी आहे एवढंच तर लिहिलंय."

"व्हय," ते म्हणाले, "पण उद्या म्हंजी कवाचा उद्या, ते तारीख वाचल्याबिगर कसं कळायचं?"

सरांकडे नापासांचा वर्ग असायचा. मार्चला गणितात उडालेली मुलं ऑक्टोबरला पुन्हा बसायची. त्यांच्यासाठी सर शाळा भरायच्या आधी तासभर शिकवायचे. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी काही देतही नव्हतं. पंचवीसेक वर्षं ते चालू होतं आणि त्यातून तीन दोनशेपानी वह्या तयार झाल्या होत्या. तिन्हींना मिळून सगळे एकच नाव घ्यायचे, पस्तीस टक्क्यांची वही. शंभरात पस्तीस म्हणजे पास, आणि त्या वह्यांचा हेतू तेवढाच होता. सर म्हणायचे, "शंभराची वही बाजारात मिळती. पस्तिसाची कुनी छापत न्हाई."

मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा हसले होते. दोन अनोळखी संख्यांचं समीकरण तिथे टेम्पोने यायचं. एका टेम्पोत टोमॅटोची दोन क्रेट आणि कांद्याची तीन पोती, मिळून एकशे नव्वद किलो. दुसऱ्यात दोन क्रेट आणि पाच पोती, दोनशे नव्वद किलो. खाली लिहिलेलं: 'क्रेट दोन्हीकडं सारखी. ती उतरवून ठेव. आता सांग, शंभर किलो कशाचे?' पुस्तकात हीच गोष्ट दोन पानं खाते आणि शेवटी मुलाला काहीच मिळत नाही. काटकोन त्रिकोण समजवायला गवंडी होता, तीन-चार-पाचची दोरी घेऊन उभा. आणि प्रत्येक पानाच्या समासात लाल शाईने त्या जागी मुलं कशी चुकतात ते होतं: 'इथं वजा विसरतात', 'इथं कंस सोडवताना घाबरतात', 'इथं उत्तर येतं पण पोरांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही'. एकेका पानावर अशा सात-आठ नोंदी, वेगवेगळ्या वर्षांच्या. त्या वेळी मला त्या समासात फार काही दिसलं नाही. टेम्पो आवडला.

मी विज्ञान शिकवायचे आणि खालच्या वर्गांना गणित. शिरूरला राहायचे, एसटीने येऊनजाऊन होते. स्वभावाने उतावळी. आई म्हणायची, हिला शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही. आईचं घर दौंडला, स्टेशनच्या पलीकडे. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत दौंडला शिक्षकांचं दहा दिवसांचं संगणक प्रशिक्षण निघालं आणि आमच्या शाळेतल्या बाकी सगळ्यांना अचानक घरची लग्नकार्यं आठवली, तेव्हा मी आपणहून नाव दिलं. दहा दिवस आयतं जेवण मिळणार होतं. संगणकाचं नंतर बघू म्हटलं.

दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं असतील ती. प्रशिक्षक पुण्याहून पॅसेंजरने यायचा आणि दर दोन वाक्यांत 'फ्री' म्हणायचा. ई-मेल फ्री, ग्रुप फ्री, वेबसाईटला जागा फ्री. फळा पुसायला घरून जुन्या कपड्याचा तुकडा आणणारी आम्ही माणसं. फुकट म्हटल्यावर आमच्या चेहऱ्यांवर जो उजेड पडला तो मी आजूबाजूला पाहिला, माझ्याही पडला असणार. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना ई-मेल पाठवले. मला आयुष्यात आलेला पहिला ई-मेल इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होता: 'मॅडम, सप्रेम नमस्कार. मी आपल्या डाव्या बाजूस बसलो आहे. मिळाल्यास पोच द्यावी.' मी डावीकडे बघून मान हलवली. तरी त्यांना लेखी पोच हवी होती, ती दिली.

आठव्या दिवशी वेबसाईट शिकवली. कुणी शाळेचा फोटो लावला, कुणी स्वतःचा. माझ्या डोक्यात त्याच क्षणी सरांच्या वह्या आल्या. गावातल्या आठ-दहा नापास मुलांपुरती ती वही राहते आणि बाकी तालुक्यात हजारभर मुलं पुस्तकाला घाबरून बसतात, हे मला त्या दिवशी अन्याय वाटलं. दौंडहून मी शाळेत परत आले ती ही कल्पना घेऊन.

सर नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते पहिल्याच रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून शिरूरच्या एसटी स्टँडजवळच्या कॅफेत हजर झाले. वह्या भावाने शिवलेल्या निळ्या कापडी खोळीत होत्या. मी एकेक पान स्कॅनरवर ठेवायचे, ते शेजारी खुर्चीवर बसून पडद्यावर आपलं अक्षर उमटताना बघायचे. एक पान चढायला चहा पिऊन व्हायचा.

"ही जागा फुकट देत्यात?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"का?"

"कडेला जाहिराती दाखवतात. त्यांचं त्यात भागतं."

"आन् उद्या म्हटले, जागा खाली करा, तर?"

मला तो प्रश्न कटकटीचा वाटला. मी म्हटलं, "सर, धर्माची गाय अन् दात का गं न्हाय."

ते हसले. "दात न्हाई मोजत मी, मॅडम. गोठा कुनाचा हाय ते इचारतोय."

एवढी मोठी कंपनी आहे, ती कुठे जाते, असं काहीतरी उत्तर मी दिलं आणि पुढचं पान लावलं. असे आमचे तीन-साडेतीन महिन्यांचे रविवार गेले.

वही चालली. दौंडच्या प्रशिक्षणातल्या दोघातिघांनी आपापल्या शाळेत पानं छापून नेली. शिक्रापूरच्या एका कॅफेवाल्याने काचेवर कागद लावला, 'दहावी गणित पास वहीची प्रिंट मिळेल'. साईटच्या तळाशी किती जण येऊन गेले त्याचा आकडा दिसायचा. सोमवारी सर मला पहिल्यांदा तो विचारायचे. मी सांगायचे, नऊशे झाले, बाराशे झाले. ते म्हणायचे, "ह्यातले नापास किती?" ते साईट सांगत नाही म्हटल्यावर त्यांचा त्या आकड्यातला रस कमी झाला. माझा वाढला. मासिक सभेत माझं अभिनंदन झालं आणि त्याची इतिवृत्तात नोंद आहे, शाळेत कुणी बघायला गेलं तर अजून सापडेल.

त्याच सभेत मुख्याध्यापकांनी आणखी एक ठराव केला. साईट मी शाळेच्या ई-मेलवर काढली होती. तो ई-मेल उघडायचं काम आमच्या क्लार्ककडे गेलं, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. दर शनिवारी शाळा सुटली की ते संगणकावरचं फुलाफुलांचं कव्हर काढायचे, टेलिफोनची वायर त्याला जोडायचे आणि आलेला प्रत्येक ई-मेल कागदावर छापायचे. त्याला आवक क्रमांक द्यायचा, गोल शिक्का मारायचा आणि शिक्षकांशी संबंधित असेल तर सूचना वहीत चिकटवायचा. लॉटरी लागल्याचे दोन ई-मेलसुद्धा आवक क्रमांकानिशी फाईलला आहेत. मी एकदा म्हटलं, इंग्रजी येत नसेल तर मला दाखवत जा. भाऊसाहेब म्हणाले, "तुमाला दाखवतोच की. सूचना वही सगळ्यांकडंच जाती."

सरांचं निवृत्तीचं वर्ष आलं. एप्रिलमधला एक दिवस होता, मधली सुट्टी. मामांनी सूचना वही शिक्षकखोलीत टेबलावर ठेवली. इंग्रजीत छापलेला एक लांबलचक कागद, वर आवक क्रमांक, खाली नेहमीसारख्या सह्यांच्या रेघा. मी पेपर तपासत होते. वर कंपनीचं रंगीत चिन्ह दिसलं, मी सही केली आणि वही सरांकडे सरकवली. त्यांनी चष्मा लावला. पहिल्या चार ओळींवर त्यांचं बोट बराच वेळ फिरलं.

"मॅडम, काय म्हणतंय हे?"

"जाहिरात असते सर. सारखी येते. करा सही."

"म्हंजी वाचायचं काम न्हाई?"

"नाही हो सर."

त्यांनी सही केली. मी माझ्या गठ्ठ्यातून मान वर काढली नव्हती.

मेअखेर निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, दोन भाषणं. सरांनी वह्या घरी न्यायच्या का, असं मला विचारलं होतं. मी म्हटलं, घरी कशाला धूळ खायला, शाळेच्या कपाटात राहू देत; नाहीतरी आता त्या कुठूनही दिसतात. त्याच आठवड्यात सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका दरवर्षीप्रमाणे रद्दीत निघाल्या. भाऊसाहेब माझ्याकडे आले. "मॅडम, मास्तरांच्या वह्या हायेत कपाटात. ठेवायच्या का जाऊ द्यायच्या?"

"जाऊ द्या," मी म्हटलं. "सगळं नेटवर आहे."

हे वाक्य मी कुणी जबरदस्ती केल्यामुळे बोलले नाही, घाईत बोलले असंही नाही. मला ते हुशारीचं वाटलं होतं.

जुलैत एक बाई आपल्या मुलीला घेऊन शाळेत आल्या. त्यांची शेवंतीची शेती होती, बोटांना हिरवे डाग. मुलगी गणितात दोनदा गेली होती आणि ऑक्टोबरची ही तिसरी खेप होती. शिक्रापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला मुली घेत होते, पण दहावी पासचा कागद लागायचा. तिच्या मावसबहिणीने जागा धरून ठेवली होती. आई म्हणाली, "सर आता शाळंत न्हाईत म्हणं. पण त्यांची वही हाय ना? तेवढी द्या."

मी त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत संगणकासमोर बसवलं आणि ऐटीत साईटचा पत्ता टाकला. पडदा बराच वेळ पांढरा राहिला. मग इंग्रजीत दोन ओळी आल्या, की हे पान आता अस्तित्वात नाही. मी पत्ता पुन्हा टाकला. लाईन तोडून पुन्हा जोडली. मुलगी माझ्या बोटांकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी शिरूरला कॅफेत बघू म्हणून गेले तर तिथे मोबाईलचं दुकान झालं होतं आणि मालक म्हणाला, जुने कॉम्प्युटर केव्हाच विकले. मी स्कॅनची सीडी केली नव्हती. फुकट जागा असताना सीडी कशाला करायची, असं मीच त्या कॅफेत म्हटल्याचं मला आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांना विचारलं, कंपनीचा काही ई-मेल आला होता का. ते जरा दुखावले. "आला व्हता की. आवक नंबर टाकून वहीत लावलाय. तुमची सही हाय." त्यांनी सूचना वही काढून ते पान माझ्यासमोर उघडलं.

मी तेव्हा तो कागद पहिल्यांदा वाचला. ही मोफत सेवा आम्ही बंद करत आहोत, आपली पानं दिलेल्या तारखेपर्यंत उतरवून घ्यावीत, त्यानंतर ती परत मिळणार नाहीत. साधं, सभ्य इंग्रजी होतं. आठवीच्या मुलाला कळलं असतं. मुदत संपून तीन आठवडे झाले होते. खाली चौदा शिक्षकांच्या सह्या. माझी पहिली, लफ्फेदार. सरांची दुसरी. तिच्याखाली जागा रिकामी होती. मी मागची पानं उलटली. स्वातंत्र्यदिन, वार्षिक तपासणी, पोलिओचा रविवार, घड्याळ पाच मिनिटं पुढे केल्याची सूचना, सगळीकडे सरांच्या सहीखाली 'वाचले' होतं. फक्त ह्या एका कागदाखाली नव्हतं.

मला लाज वाटली. इतर काही वाटायच्या आधी तेवढीच वाटली. संगणकाजवळ निळं कापड पडलं होतं, मामा त्याने पडदा पुसायचे. ती वह्यांची खोळ होती. मी ती पिशवीत घातली.

पुढचे दोन आठवडे मी फोन केले आणि एसटीने फिरले. दौंडच्या प्रशिक्षणातल्या एका शिक्षकाकडे बारा पानं निघाली, माझ्या डाव्या बाजूला बसणाऱ्या त्याच गृहस्थांकडे. त्यांनी ती फाईलला लावून ठेवली होती. शिक्रापूरच्या कॅफेवाल्याकडे मागणी जास्त असलेली काही पानं होती. सगळी मिळून एकतीस. छपाई काळी-पांढरी, त्यामुळे समासातली लाल शाई नुसती पुसटशी दिसत होती, वाचता येत नव्हती.

मग मी सरांकडे गेले. ते भावाच्या दुकानात बाकावर बसून एका गिऱ्हाइकाची बटणं निवडून देत होते. निवृत्तीनंतर दोन महिन्यांत त्यांच्या उजव्या हाताला कंप आला होता. मी सगळं सांगितलं, रद्दीसकट. त्यांनी बटणांचा डबा बंद करून बाजूला ठेवला. चहा आला. मी कपाकडे बघत बसले.

"किती पानं हायेत?"

"एकतीस."

"आन् पोरगी कुठली?"

मी सांगितलं. तिच्या आईला त्यांनी ओळखलं, तीही त्यांच्याच नापासांच्या वर्गात होती. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, त्या कागदावर तुमची सही आहे. खाली 'वाचले' नाही."

"न वाचता कसं लिव्हणार?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

वही पुन्हा करायची, हे त्यांनीच ठरवलं. हाताने लिहिणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. पहिल्या दिवशी त्यांनी एकाच उदाहरणाला तीनदा सुरुवात केली. मग म्हणाले, "समोर नापास पोरगं नसलं की मला सुचत न्हाई, मॅडम. तिला घिऊन या."

ऑगस्ट आणि सप्टेंबर शाळा सुटली की आम्ही तिघं त्या शिवणाच्या दुकानात बसायचो. कापड कापायच्या टेबलावर सर शिंप्याच्या खडूने चिंधीवर त्रिकोण काढायचे. मुलगी सोडवायची. मी मशीनच्या आवाजात लिहायचे. साडेसहाची गाडी गाठायची म्हणून भराभर. चार दिवसांनी सरांनी माझी वही मागितली, दोन पानं चाळली आणि परत दिली.

"तिनं काल वजा सोडला, ते कुठं हाय?"

"ते चुकलं होतं ना सर. मी बरोबर करून लिहिलं."

"बरोबर उत्तर पुस्तकात हाय. चूक लिव्हा."

त्या दिवशी मला कळलं की मी काय रद्दीत घातलं. टेम्पो आणि गवंडी पुन्हा सांगता येत होते, ते सरांना पाठ होते. समास सांगता येत नव्हता. पंचवीस वर्षांत कोणकोणती मुलं कुठे कुठे अडली, ते एकेका सकाळी लाल शाईने टिपलेलं होतं आणि ती मुलं आता कांदा भरत होती, टेम्पो चालवत होती, स्वतःची पोरं शाळेत घालत होती. त्यांना पुन्हा चुकायला कसं बोलावणार? आमच्या नव्या समासात एकाच मुलीच्या चुका होत्या. तिला ते कळल्यावर ती जरा लाजली, मग मुद्दाम एकदोन जास्त करू लागली. सरांनी ते ओळखलं. "ही खोटी चूक हाय," ते म्हणायचे, "ही नका लिव्हू."

मुलगी ऑक्टोबरला बसली. निकाल लागला तेव्हा तिला गणितात लागत होते त्यापेक्षा दोन गुण जास्त होते. आईने शेवंतीची पाटी दुकानात आणून ठेवली आणि सरांच्या भावाने दोन दिवस गिऱ्हाइकांना कपड्यांबरोबर फुलं दिली. मुलगी शिक्रापूरला पॅकिंगला लागली. नंतर तिची माझी गाठ पडली नाही.

मुलीच्या परीक्षेनंतर आम्ही दोघंच बसत होतो, तिच्या चुका समोर ठेवून, आणि वही पुरी व्हायला जानेवारी उजाडला. दीड वही भरली होती, तीनची दीड. मी निळी खोळ धुऊन इस्त्री करून आणली होती. शाळेत तोवर प्रिंटर-स्कॅनर आला होता; सगळी पानं स्कॅन करून दोन सीडी करायच्या, एक शाळेत आणि एक सरांच्या घरी, असं मी ठरवलं होतं. पुन्हा एखादी फुकट जागा शोधून वही वर चढवणारही होते, कारण नापास मुलं अजून होतीच. फक्त पहिल्या पानावर सरांची सही हवी होती. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं.

त्यांनी पेन घेतलं नाही. वही फिरवून माझ्याकडे केली. "आधी तुम्ही वाचा."

"सर, मीच तर लिहिलीय."

"लिव्हणं येगळं. वाचा."

मी वाचायला बसले. सुरुवातीला डोळे नुसते ओळींवरून घसरत होते, अकरा वर्षांची सवय. मग तिसऱ्या-चौथ्या पानावर वेग आपोआप उतरला. सतराव्या पानावर टेम्पोच्या उदाहरणात मी क्रेट वजा करायच्या ऐवजी मिळवली होती आणि खाली उत्तर मात्र बरोबर लिहिलं होतं. इतक्या महिन्यांत ते मला दिसलं नव्हतं, आणि मुलगी होती तोवर तिलाही नाही. मी खोडून दुरुस्त केलं. सर बाहेर बाकावर बसून रस्त्याकडे बघत होते. साडेसहाची गाडी दुकानासमोरून गेली, मी उठले नाही. भावाने मशीन बंद करून दिवा लावला. शेवटचं पान संपलं तेव्हा मी माझी सही केली आणि तिच्याखाली लिहिलं, 'वाचले'. ते लिहिताना माझं अक्षर नेहमीपेक्षा लहान आलं.

मी वही त्यांना दिली. त्यांनी माझी सही पाहिली, खालचा शब्द पाहिला. मग शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला, वही दिव्याजवळ ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.